अभंगातली कोरड

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला शाळेत फुलामुलांचे कवी म्हणून भेटले आणि बहुधा आपण त्यांना तिथेच सोडून आलो. त्यांच्या ‘अभंगांजली’कडे वळणारे वाचक थोडे. ख्रिस्तभक्तीची म्हणून ती बाजूला राहिली असावी. परंतु भक्ताच्या मनाला पडणारी कोरड हा तिचा खरा विषय आहे, आणि ती कोणत्याही देवघरात शिरते. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या आरत्या जपणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

१८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांचे कार्यक्षेत्र झाले अहमदनगर. तेथील उपासनेतील कितीतरी गीते अनुवादित होती; शब्द मराठी, श्वास उसना. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती, हे खरे. तरीही टिळकांनी अभंग निवडला तो केवळ देशी चालीसाठी नव्हे. रुळलेल्या गीतांत स्तुती होती, पश्चात्ताप होता. देवाशी भांडण क्वचितच. (दाविदाच्या स्तोत्रांत मात्र ते भरपूर आहे!) नामदेव-तुकोबांचा अभंग रुसतो, जाब विचारतो, रिकामेपण कबूल करतो. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या आधाराने, असे टिळक स्वतः मानीत.

माझ्या मते, जिथे ते समाजाच्या सुस्तीवर कोरडे ओढतात तिथे प्रवचन होते. जिथे स्वतःच्या मनाला धरतात तिथेच अभंग होतो.

१९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला; बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि प्रयोग अपुरा राहिला. त्याकडे फसलेली संस्था म्हणून पाहण्यापेक्षा कवितेचा पुढचा चरण म्हणून पाहावे.

नूतनीकरणाचे अधिक विश्वसनीय चित्र मात्र लक्ष्मीबाईंकडे सापडते. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा बदल एखाद्या दिव्य क्षणात घडत नाही. सोवळे-ओवळे, पाणी, स्वयंपाक यांतून तो रेंगाळत, अडत, कधी हसवत येतो. जातिभेद माणसाने केला हे मनाला पटल्यावरच शिवाशिव सुटते. ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्याय पतीच्या मागे त्यांनीच रचले, परंतु त्या पद्यापेक्षा मला या घरगुती गद्यातील भक्ती अधिक ओली वाटते.