वेळ घेऊन येणाऱ्या तबकड्या

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची तबकडी काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस सांगते, अशी तिच्यामागची कल्पना आहे. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. मेंढपाळ मला त्यात कधी दिसला नाही, त्याची गरजही वाटली नाही. दिवस मात्र स्वच्छ ऐकू येतो, आणि तो स्वरांच्या जागा बदलत उगवतो. सुरुवात अहिर भैरवाची. ऋषभ कोमल, धैवत शुद्ध, निषाद कोमल. तिथून वादक नट भैरवात शिरतात आणि नेमके हेच तीन स्वर उलटतात: ऋषभ शुद्ध, धैवत कोमल, निषाद शुद्ध. बाकीचे चार जिथल्या तिथे. कोमल ऋषभ षड्जाला अगदी खेटून असतो, त्याच्यात पहाटेचा अंधार उरलेला असतो. तो शुद्ध झाला की षड्जाशेजारी एकदम मोकळी जागा होते. उजाडलं हे सांगायला पाखरांचा किलबिलाट लागत नाही, एक ऋषभ पुरतो.

वाद्यांची निवडही फार विचाराची आहे. संतूरचा स्वर कलमाच्या आघाताने उमटतो आणि उमटताक्षणी विरू लागतो. लांब मींड हा त्या वाद्याचा स्वभाव नाही. काबरांची गिटार तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवलेली, म्हणजे सगळी मींडच. बासरीला श्वास. त्यामुळे संतूर जिथे थेंब थेंब सोडतं तिथे गिटार ते थेंब जोडून ओघळ करते, आणि बासरी त्यावरून फिरते. तिघांपैकी कुणीही एकट्याने ही तबकडी वाजवू शकला नसता, असं मला नेहमी वाटतं. पिलूपाशी पहिली बाजू संपते. दुसरीवर झपतालातला भूप, मग देस, शेवटी पहाडी. पहाडीत गोडवा गरजेपेक्षा जरा जास्त होतो. पण त्याआधीचा भूप पाच स्वरांतच संध्याकाळ उभी करतो, म्हणून ती तक्रार मागे पडते.

ही तबकडी घडवून आणणारे होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांच्या कवितेला चाल लावून, ती स्वतः गाऊन, मराठी भावगीताची वाट पाडणारे तेच. मेहकरचा कवी आणि नागपुरातली वकिली सोडून गाण्याकडे गेलेला गायक. वैदर्भीयांनी ही जोडी अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि आपण ती पुरेशी सांगत नाही.

अल्बम म्हणजे गाण्यांचा गठ्ठा नव्हे. ज्या तबकडीला स्वतःची वेळ असते आणि जी ती वेळ क्रमाने पुढे नेते, तीच माझ्या लेखी अभिजात. ही कसोटी मी पुस्तकांतून घेतलेली नाही. भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसभर दुकानं, पाळणे, पाहुणेरावळे. रात्री दंडार, नाहीतर दुय्यम खडी गंमत, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, आणि ते चालतं पार उजाडेपर्यंत. खडी गंमतीत आधी गण, मग गवळण, मग दोन शाहिरांची जुगलबंदी. क्रम ठरलेला, पण वेळेचा अंदाज ज्याचा त्याचा. रात्री अकराला जे रंगतं ते पहाटे तीनला रंगत नाही, हे चांगल्या शाहिराला कळतं. तीनच्या सुमाराला मंडपात थंडी उतरते, निम्मे लोक घोंगडीत शिरलेले असतात. तेव्हा जाणता ढोलकीवाला जोर लावत नाही, उलट हात हलका करतो. लोक आपोआप कान टवकारतात. एखादी गोष्ट कुठे येते यावर तिचा निम्मा परिणाम असतो, हे मी तिथे शिकलो. पुढे मोठमोठ्या नावांच्या तबकड्या ऐकताना हाच कान सोबत आला.

उस्ताद अमीर खाँ यांची १९६० सालची एलपी या कानाने ऐकून बघा. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एक दिवेलागणीचा राग, दुसरा मध्यरात्रीचा. मधला सगळा काळ तबकडी उलटण्यात जातो.

मारव्यात पंचम नाहीच. षड्ज आहे, पण गायक त्याच्यावर टेकत नाही. सारा भार कोमल ऋषभावर आणि शुद्ध धैवतावर. एक षड्जाच्या वरचा, एक खालचा. तानपुरा मागे सतत षड्ज सांगतोय आणि गाणारा त्याच्या अल्याडपल्याड फिरतोय. झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या विलंबित की आघातापेक्षा मधली जागाच जास्त जाणवते. अमीर खाँ त्या जागेत घाई करत नाहीत. ऋषभावर येतात, थांबतात, खाली धैवतापर्यंत जातात, पुन्हा ऋषभ. आपल्याला वाटतं, आता षड्ज येणार. येत नाही. आणि बऱ्याच वेळाने तो एकदाचा लागतो तेव्हा लागल्या लागल्या सोडूनही देतात. नेमक्या या जागी मला दरवेळी हुरहूर लागते, आणि ती दुःखाची नसते. वैनगंगेवर कारध्याच्या जुन्या पुलापाशी सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ पाण्यावर उजेड राहतो. दिवस संपलेला असतो, रात्र झालेली नसते. मारवा त्या मधल्या वेळेचा आहे, आणि इतक्या सबुरीने तो कुणी गायल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग तबकडी उलटायची. दरबारीत खाँसाहेब मंद्रात उतरतात आणि गळ्याचा वजनदार भाग समोर येतो. कोमल गांधार स्थिर नाही, तो झुलतो, आणि तो किती झुलवायचा यावरच दरबारी उभा राहतो किंवा पडतो. इथे तो फार सावकाश झुलतो. मारव्याने अधांतरी ठेवलेल्या कानाला आता जमीन मिळते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकल्या तर दोन उत्तम ख्याल ऐकल्याचं समाधान मिळेल. एकामागून एक ऐकल्या तर एक अख्खी रात्र चढत जाते. हा क्रम कुणी ठरवला असेल त्याला माझा नमस्कार.

आता जरा दूर जाऊ. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ सालची. जॅझ म्हणजे गलबला अशी समजूत असणाऱ्याने हिच्यापासून सुरुवात करावी. पहिल्या ‘सो व्हॉट’ या रचनेची चौकट साधी आहे. आपल्या कानाला काफी थाटासारखे लागणारे स्वर, सोळा मापं. मग तोच थाट अख्खाच्या अख्खा अर्धा स्वर वर सरकतो, आठ मापं. मग परत खाली, आणखी आठ. राग ऐकून तयार झालेल्या माणसाला हे धक्क्याचं आहे, कारण आपल्याकडे षड्ज हलत नाही. मारव्यात तो चुकवला जातो, इथे तो जागाच बदलतो. पहिल्यांदा पायाखालची फरशी उचलल्यासारखं होतं. सवय झाली की त्या आठ मापांची वाट पाहू लागतो, सम यायच्या आधी पाहतो तशी.

त्यातला एकच क्षण सांगतो. सुरुवातीची बास आणि पियानोची कुजबुज संपते, सगळे मिळून धून मांडतात आणि माइल्सचा ट्रम्पेट एकट्याने गायला लागतो. अगदी त्याच ठिकाणी ड्रमवर बसलेला जिमी कॉब झांजेवर एक जोराचा आघात करतो आणि तो नाद कितीतरी वेळ विरत राहतो. ट्रम्पेटचे पहिले स्वर त्या विरणाऱ्या नादाच्या आत आहेत. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. इथे जुनी माणसं भांडं विकत घेताना टिचकी मारून नाद ऐकायची आणि तो संपेपर्यंत बोलायची नाहीत. ड्रमची झांज म्हणजे तांबं आणि कथील यांचं मिश्रण, आपल्या काशाची बहीण. तो आघात ऐकताना मीही नाद संपेपर्यंत थांबतो, आणि तो संपतो तेव्हा माइल्स बराच पुढे गेलेला असतो. एवढ्या एका जागेसाठी मी ही तबकडी कुणालाही ऐकवायला तयार असतो.

अभिजात अल्बमांच्या याद्यांत भीमगीतांच्या कॅसेटी कधी दिसत नाहीत. हे मला मान्य नाही. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. ती सल या जिल्ह्याने जपली आहे, आणि एप्रिल महिन्यात इथे वाजणाऱ्या गाण्यात ती मला ऐकू येते. वामनदादा कर्डक यांचे शब्द, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज. प्रल्हाद शिंदे यांचा गळा ऐका. वरच्या पट्टीत उघडा लावलेला, कव्वालीच्या ढंगाचा, ओळीच्या शेवटी स्वर न दाबता सोडून दिलेला. मागे साथीदार तीच ओळ उचलतात, बेंजो दोन ओळींमधली जागा भरतो, ढोलक पुढे रेटत नेतो. ध्वनिमुद्रण ओबडधोबड असतं, प्रतिध्वनी भरमसाट. पण शब्द एकही चुकत नाही, कारण ते गाणं शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी आहे. आमच्याकडे वाजणाऱ्या कॅसेटींत अनेकदा एका बाजूला जयंतीचा जल्लोष असायचा आणि दुसऱ्या बाजूला सहा डिसेंबर. १४ एप्रिल ते ६ डिसेंबर हे अंतर कॅसेट उलटून पार करायचं. अल्बम याहून वेगळा काय असतो?

काही तबकड्यांबद्दल थोडक्यात. ‘शिवकल्याण राजा’ ही १९७४ ची, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीची. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींत लताबाईंच्या आवाजाला एरवी क्वचित मिळालेली धार आहे, आणि मधलं बाबासाहेब पुरंदरे यांचं निवेदन गाण्यांना एका धाग्यात ओवतं. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ची. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते, ठोक्यांनीच संपते, आणि मधे एकदम वाजणारी घड्याळं आजही दचकवतात. या दोन्ही तुकड्यातुकड्याने ऐकू नयेत. गाण्यांच्या मधे जाहिरात आली तर फ्लॉइडची तबकडी मोडते, कारण तिथे एक गाणं दुसऱ्यात मिसळून जातं आणि मधे शिरायला जागाच ठेवलेली नाही. कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले. त्यातलं पावसाचं गाणं मी रोवणी चालू असताना ऐकतो. धुऱ्यावर छत्र्या, बांधीत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, आणि त्यांची स्वतःची गाणी. कुमारांनी माळव्याच्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली होती. आमच्या रोवणीच्या गाण्यांना तसा कान अजून मिळायचा आहे.

‘काइंड ऑफ ब्लू’ न्यूयॉर्कमध्ये तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. ती इमारत पूर्वी चर्च होती. त्याच जागी कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने बाखची ‘गोल्डबर्ग’ ही रचना दोनदा वाजवली. एकदा १९५५ साली, वय बावीस. दुसऱ्यांदा १९८१ साली, वय अठ्ठेचाळीस. एक छोटी धून, तिचे तीस विस्तार, आणि शेवटी पुन्हा तीच धून. पहिल्या वेळी सगळं मिळून सुमारे अडतीस मिनिटं, दुसऱ्या वेळी एक्कावन्न. पहिल्या तबकडीत बोटांचा विश्वास बसू नये असा वेग आहे, जोरकस, जिंकायला निघालेला. दुसरीत सुरुवातीची धून तो इतकी सावकाश वाजवतो की प्रत्येक स्वर तपासून खाली ठेवतोय असं वाटतं. वाजवताना तो गुणगुणतो तेही ऐकू येतं, आणि ते काढून टाकलं नाही हे फार बरं झालं. दुसऱ्या ध्वनिमुद्रणानंतर पुढच्याच वर्षी तो गेला.

लोक विचारतात, दोन्हींतली कोणती? नव्याने ऐकणाऱ्याला मी १९५५ ची देतो, तीही सकाळी. १९८१ ची रात्री जेवणं झाल्यावर, आणि मधे काही वर्षं जाऊ देऊन. विलंबित झुमरा ऐकायला शिकलेल्या माणसाला तिचा संथपणा जड जाणार नाही. आणि शेवटची धून पुन्हा येते तेव्हा पुढचं काही लावू नये.