जादूच्या शाळेतील कृपा : ख्रिस्ती बालकथेपुढील एक पेच

दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या ख्रिस्ती अद्भुतकथेत जादूची शाळा अवतरली म्हणजे लेखकापुढे एक तात्त्विक पेच उभा राहतो. शाळा म्हटली की इयत्ता, परीक्षा, गुण व बक्षीस ही आलीच. तेथे जे मिळते ते श्रमाने मिळते. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र तारणारी वस्तू म्हणजे कृपा, आणि कृपा कमावता येत नाही. तेव्हा अलौकिक सामर्थ्य ज्या कथेत अभ्यासक्रमानेच प्राप्त होते, त्या कथेत कृपेला जागा कोठली? प्रस्तुत टिपणात ह्या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

मराठी ख्रिस्ती गद्य ह्या पेचात सापडलेच नाही. हरी केशवजी ह्यांनी १८४१ साली बन्यनचा ग्रंथ 'यात्रिकक्रमण' ह्या नावाने मराठीत आणला. त्यात अद्भुत आहे, परंतु ते सर्वस्वी रूपकाच्या सेवेला लावलेले आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) तेवढेही अद्भुत उरत नाही. विधवांची दुःस्थिती हा विषयच वास्तवाची मागणी करणारा होता. चारच वर्षांनी हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) अद्भुतरम्यतेच्या वाटेने गेली. ख्रिस्ती लेखणी त्या वाटेला लागली नाही. अमेरिकन मराठी मिशनचे 'बालबोधमेवा' (१८७२) हे मुलांचे मासिकही बोध आणि ज्ञान ह्यांसाठीच निघाले होते. ह्याचे कारण उघड दिसते. मंत्रतंत्र, ताईत व भूतपिशाच ह्यांच्या भयातून माणसाला सोडविण्याचा ज्याचा दावा, त्या धर्मप्रचाराने मुलांच्या हाती जादूची कांडी द्यावी कशी?

इंग्रजीत सी. एस. लुईस ह्यांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. त्यांच्या 'द सिल्व्हर चेअर' (१९५३) ह्या कादंबरीतील शाळा जादूची तर नाहीच, उलट ती मुलांच्या छळाचे ठिकाण आहे. अद्भुत आहे ते शाळेच्या भिंतीपलीकडे. छळाला कंटाळलेली दोन मुले त्या पलीकडच्या जगाला आर्त हाक मारतात. मागाहून त्यांना कळते, की पलीकडून आधीच हाक आलेली होती म्हणूनच आपल्याला हाक मारावीशी वाटली. कृपेचा सिद्धान्त ह्याहून सोप्या प्रसंगात बसविणे अवघड आहे.

जे. के. रोलिंग ह्यांच्या सात कादंबऱ्यांनी (१९९७–२००७) ही मांडणी उलटी केली : घर रुक्ष आणि शाळा अद्भुत. अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनी ह्या पुस्तकांस कडाडून विरोध केला तो त्यांतील जादूटोण्यामुळे. परंतु नायकाला अगदी आरंभी वाचविते ते कोणत्याही वर्गात शिकविलेले मंत्रसामर्थ्य नव्हे, तर मातेचे आत्मबलिदान होय, ह्याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. एल. जागी लॅम्पलायटर ह्यांच्या रेचल ग्रिफिन मालेत (प्रथम खंड २०१३) जादूची शाळा तशीच ठेवून एक सूक्ष्म योजना केलेली आहे. तेथील विद्यार्थ्यांना जादू अवगत आहे, पण देवदूत हा शब्दच त्यांच्या जगातून नाहीसा झालेला आहे. पंख असलेली मूर्ती नायिकेपुढे उभी असूनही तिला नाव सापडत नाही. म्हणजे विद्येची सीमा जेथे संपते, तेथूनच श्रद्धेचा विषय सुरू होतो. माझ्या मते ही योजना लुईसच्या भिंतीइतकीच अर्थपूर्ण आहे.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही. रोलिंगच्या पहिल्या कादंबरीच्या मराठी नावात 'परीस' हा शब्द आला आणि त्याबरोबर नकळत परिसा भागवताची कथाही जवळ आली. त्या आख्यायिकेत नामदेव परीस चंद्रभागेत टाकून देतात. सोने करण्याची शक्ती भक्ताला अडगळच ठरते. मोशीहून जवळच असलेल्या आळंदीत तर ह्याच प्रश्नाचे पूर्ण नाट्य परंपरेने जपून ठेवले आहे. सिद्धींच्या बळावर वाघावर बसून आलेला चांगदेव निर्जीव भिंत चालताना पाहून थक्क होतो, आणि अखेर वयाने लहान अशा मुक्ताबाईचे शिष्यत्व पत्करतो. सिद्धी ही अभ्यासाची, तर ज्ञान हे गुरुकृपेचे, असा भेद येथे केलेला आहे. वारकरी कृपा आणि ख्रिस्ती कृपा ह्या एकच नव्हेत. मात्र कमावलेल्या सामर्थ्याविषयीचा संशय दोहोंकडे सारखाच आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. मोशी–चाकणच्या कारखानदारीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलाला, तो कोणत्याही धर्माचा असो, गुणपत्रिका हीच आपली किंमत आहे असे घरी व शाळेत पदोपदी बजावले जाते. जादूची शाळा त्याला रिझविते खरी. पण तेथेही पहिला क्रमांकच तारक ठरत असेल, तर त्या कथेने नुसता गणवेश बदलला एवढेच म्हणावे लागेल. म्हणून ह्या वाङ्मयप्रकाराची कसोटी त्यात प्रार्थना किती आणि जादू किती, ही नव्हे. नापास झालेल्या मुलाला त्या शाळेत काय मिळते, ही होय. मराठीत अशी कथा कोणी लिहिलीच, तर तिला प्रथम ह्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.