येणारा कॅमेरा आणि हवा असलेला कॅमेरा



या मालेत आपण आतापर्यंत साक्ष कोणाची मानावी, अनुमान केव्हा खरे ठरते, असे प्रश्न घेत आलो. उदाहरणे बहुतेक ग्रंथांतली होती. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे तर तुम्हाला आता पाठच झाले असेल. आज आम्ही धूर आणि डोंगर बाजूला ठेवणार आहोत आणि एका कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. नीट सांगायचे तर, कॅमेरा बाजारात येण्याआधी त्याच्याविषयी हौशी छायाचित्रकार जे तर्क लढवतात, त्या तर्कांबद्दल. हसू नका. माणसे विचार कसा करतात हे पाहायला इतकी सोयीची जागा क्वचित सापडते. कारण इथे निकाल लागतो. ईश्वर आहे की नाही याचा निकाल लागायला आपण अडीच हजार वर्षे थांबलो आहोत. कॅमेऱ्याचा निकाल तीन वर्षांत लागतो आणि कोण चुकले ते सगळ्यांना दिसते.

आधी प्रकरण काय होते ते सांगतो. कॅनन या जपानी कंपनीच्या कॅमेऱ्यांत ‘१’ हा आकडा सर्वोच्च मानला जातो. १९८९ मध्ये त्यांचा ‘ईओएस-१’ हा फिल्मचा कॅमेरा आला. पुढे डिजिटल काळातही हा आकडा मुख्यतः पत्रकार आणि क्रीडा-छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवलेला होता. या मालिकेतला आरसा असलेला शेवटचा कॅमेरा जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. आरसा म्हणजे काय? जुन्या पद्धतीत भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून डोळ्यापर्यंत जातो आणि फोटो काढताना आरसा वर उचलला जातो. नव्या, मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसाच नाही. सेन्सरला जे दिसते तेच छोट्या पडद्यावर डोळ्यासमोर येते. कंपनीची ही नवी मालिका २०१८ मध्ये सुरू झाली होती. तेव्हा प्रश्न साहजिक होता: या नव्या मालिकेतला ‘१’ कधी येणार आणि कसा असणार?

१४ एप्रिल २०२१ ला कंपनीने एक घोषणा केली. पण ती ‘१’ची नव्हती, ‘आर३’ची होती. कॅमेरा तयार होत आहे एवढेच त्यात सांगितले होते. सेकंदाला ३० फोटो काढेल, सेन्सर नव्या रचनेचा असेल, आणि तुम्ही पडद्यात जिथे बघाल तिथे फोकस धरला जाईल. ही शेवटची गोष्ट जुन्या लोकांना आठवली असेल. १९९२ च्या ‘ईओएस ५’ मध्ये ती पहिल्यांदा आली होती. एवढे सगळे सांगितले, पण एक गोष्ट सांगितली नाही: मेगापिक्सेल किती?

बघा, ही मौज लक्षात घ्या. ज्या आकड्यावर हौशी मंडळींचा सगळा जीव, नेमका तोच गुलदस्त्यात. मग तर्क सुरू झाले. कोणी ३० म्हणाले, कोणी ४५ म्हणाले. अशा अफवांना प्रतवारी देण्याचीसुद्धा पद्धत आहे. स्रोत अनोळखी असेल तर १, बरा असेल तर २, पक्का असेल तर ३. आम्ही हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मनात म्हटले, अरे, हे तर शब्दप्रमाणाचे प्रकरण! न्यायदर्शनात वात्स्यायनाने आप्ताची दोन लक्षणे सांगितली आहेत. त्याने ती वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. आता ही दोन्ही लक्षणे इथे लावून बघा. ज्याने कॅमेरा हाताळला आहे, तो गुप्ततेच्या कराराने बांधलेला. जो मोकळेपणाने बोलतो आहे, त्याने बहुधा काही पाहिलेले नाही. म्हणजे या क्षेत्रात आप्त मिळणे मुळातच अवघड. हौशी मंडळींना हे कळत नाही असे नाही. कळते, म्हणून तर प्रतवारी. त्यांना भोळे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मग चूक कुठे होते? ती टोकियोत उघड झाली.

जुलै २०२१ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक सुरू झाले. काही निवडक छायाचित्रकारांच्या हातात हा न आलेला कॅमेरा होता. त्यांतल्या एकाने काढलेले फोटो प्रसिद्ध झाले आणि त्या फाइलींच्या आत नोंद सापडली: रुंदी ६०००, उंची ४०००. गुणाकार करा. दोन कोटी चाळीस लाख, म्हणजे २४ मेगापिक्सेल. हा धूर होता, मंडळी. कोणी सांगितलेला नव्हे, डोळ्यांनी दिसलेला.

आणि काय झालं? बऱ्याच जणांनी तो मानला नाही. म्हणाले, कॅमेऱ्यात लहान आकाराची फाइल काढायची सोय असते, ती वापरली असेल. हा अंतिम कॅमेरा नाही, मुद्दाम आकडा कमी ठेवला असेल. आता या शंका मूर्खपणाच्या नव्हत्या. लहान फाइलची सोय खरेच असते. नैयायिकाच्या भाषेत सांगायचे तर हेतू व्यभिचारी असू शकतो, धुरासारखे दिसणारे धुके असू शकते. आम्ही शंकेला दोष देत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ३० आणि ४५ हे आकडे जेव्हा कोणत्याही फाइलीशिवाय, कोणत्याही साक्षीशिवाय फिरत होते, तेव्हा ही शंका कुठे होती? आवडता आकडा आला तेव्हा ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारलाच गेला नाही, आणि नावडता आकडा पुराव्यासकट आला तेव्हा त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. संशय हे ज्ञानाचे दार आहे खरे. पण या दाराशी बसलेला पहारेकरी ओळखीच्यांना न विचारता आत सोडत होता. १४ सप्टेंबर २०२१ ला कॅमेरा जाहीर झाला. २४.१ मेगापिक्सेल.

इथे आपल्या भाषेतला एक शब्द तपासू. आपण अशा अटकळींना ‘तर्क’ म्हणतो. न्यायदर्शनातही तर्क आहे, पण त्याला प्रमाणांच्या पंगतीत बसवलेले नाही. तर्क स्वतः ज्ञान देत नाही. तो प्रमाणाला मदत करतो, चुकीचे पर्याय बाजूला सारतो. म्हणजे तर्काला मालक लागतो. तो मालक प्रमाण असेल तर निर्णयापर्यंत जाता येते. इथे मालक होती इच्छा. तर्क तेवढाच हुशार, तेवढाच मेहनती, पण नोकरी दुसऱ्याच्या घरी.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ती इच्छा वेडगळ होती का? मुळीच नाही. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला निकॉनचा ‘झेड ९’ आला. ४५.७ मेगापिक्सेल, क्रीडा-छायाचित्रणाला पुरेल असा वेग, आणि यांत्रिक शटर मुळातच नाही. म्हणजे ‘जास्त पिक्सेल आणि वेग दोन्ही द्या’ ही मागणी शक्य कोटीतली होती. रानात दूरवरच्या पक्ष्याचा फोटो काढणारा माणूस घ्या. त्याला फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करावा लागतो. त्याला जास्त पिक्सेल हवेत, आणि तसे तो कारणांसकट सांगू शकतो. उलट बाजूनेही कारणे आहेत. सामन्याच्या कडेला बसलेल्या वृत्तछायाचित्रकाराला काही मिनिटांत फोटो कार्यालयात पोहोचवायचा असतो, त्याला हलकी फाइल बरी. ६००० पिक्सेलची रुंदी इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापली तर २० इंच होते, वर्तमानपत्राच्या पानाहून रुंद. आणि २४ वरून ४५ वर गेलो तर तपशील दुप्पट होतो असे जे वाटते, तेही खरे नाही. त्याच कंपनीच्या ४५ मेगापिक्सेलच्या ‘आर५’ मध्ये रुंदी ६००० वरून ८१९२ होते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक वाढ. क्षेत्रफळ आणि लांबी यांतला हा शाळेतला फरक आहे.

बघा, हा किती चांगला वाद झाला असता! दोन्ही बाजूंना कारणे आहेत, दोन्ही बाजूंना माणसे आहेत. पण वाद होण्यासाठी वाक्य ‘मला हवा’ असे असावे लागते. ‘मला हवा’ म्हटले की कोणी विचारू शकतो, का हवा? मग उत्तर द्यावे लागते. इथे वाक्य होते ‘येणार’. ‘येणार’ म्हटले की ‘का?’ हा प्रश्नच संपतो, फक्त वाट पाहायची उरते. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे, मंडळी. मागणीला भाकिताचे कपडे घातले की मागणी मुकी होते आणि भाकीत खोटे ठरते. दोन्हीकडून तोटा.

‘आर३’ ने निराशा झाली, तरी तो ‘१’ नाही असे कंपनीने स्वतःच सांगितले होते. मग सगळी आशा पुढे सरकली, खऱ्या ‘१’ वर. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीचा ‘ए ९ थ्री’ आला. त्यात ग्लोबल शटर होते. एरवी सेन्सर एकेका ओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगाने फिरणारी बॅट किंचित वाकडी दिसू शकते. ग्लोबल शटरमध्ये सगळा सेन्सर एकदम वाचला जातो. त्याची किंमतही मोजावी लागते, त्या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ २५० पासून सुरू होतो. झाले, आता येणाऱ्या ‘१’ मध्येही ग्लोबल शटर हवेच, पिक्सेलही भरपूर हवेत. १५ मे २०२४ ला ‘आर१’ तयार होत असल्याची घोषणा झाली आणि त्यातही मेगापिक्सेलचा आकडा नव्हता! कंपनीचे हे मौन आम्हाला निरागस वाटत नाही. वाट पाहणारा ग्राहक दुसऱ्या दुकानात जात नाही, हे तिला कळत असणारच.

१७ जुलै २०२४ ला पडदा उठला. ‘आर१’ मध्ये २४.२ मेगापिक्सेल. ग्लोबल शटर नाही, पण सेन्सर फार वेगाने वाचला जातो. सेकंदाला ४० फोटो. फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कोणाकडे आहे, कोण उडी मारतो आहे हे ओळखून फोकस तिकडे नेण्याची सोय. पुन्हा निराशा झाली. पण थांबा. त्याच दिवशी, त्याच कंपनीने ‘आर५ मार्क टू’ जाहीर केला. ४५ मेगापिक्सेल, सेकंदाला ३० फोटो, आणि किंमत ‘१’ हून बरीच कमी. म्हणजे तीन वर्षे जे मागितले जात होते, त्यातले पुष्कळ मिळाले होते. फक्त त्यावर ‘१’ लिहिलेले नव्हते! तेव्हा हवे काय होते? फोटोतला तपशील, की तो आकडा? उत्तमपणा म्हणजे सगळ्या गुणांची बेरीज, असे ही निराशा धरून चालते. पण गवंड्याची उत्तम थापी आणि सोनाराची उत्तम हातोडी यांची बेरीज करून काय तयार होईल? ‘आर१’ विशिष्ट कामासाठी उत्तम होता. ते काम आपले नाही, हे मान्य करणे अनेकांना जड गेले.

आता तुम्ही म्हणाल, हे निवृत्त प्राध्यापक दुसऱ्यांच्या हौसेवर एवढे का बोलताहेत. कारण आम्हीही त्याच रांगेत उभे होतो.

आमच्याकडे एक जुना कॅमेरा आहे. चांगला चालतो. २०२१ मध्ये नवा घ्यायचे ठरले. ‘१’ आमच्या पेन्शनीत बसणारा नव्हताच. पण तो आला की खालचे मॉडेल स्वस्त होतील, असा आमचा तर्क होता. गावाकडचा वाडा तेव्हा उभा होता. माजघरात दुपारीही अंधार, चौकातून येईल तेवढाच उजेड. आम्ही म्हणत राहिलो, या अंधारात जुना कॅमेरा काय करणार, नवा येऊ दे. देवघराचा कोनाडा, ओटीवरचा खांब, आजीची बसायची जागा, सगळे नव्या कॅमेऱ्याने नीट टिपू. रोज रात्री बातम्या वाचत होतो. कोणत्या आयएसओला किती दाणे दिसतील हे आम्ही तोंडपाठ सांगू शकलो असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात भाऊबंदांचा व्यवहार पुरा झाला आणि पंधरा दिवसांत वाडा पाडला गेला. माजघराचे आज दोन फोटो आहेत. पुतण्याने मोबाइलवर काढलेले, त्यातला एक हललेला.

आम्ही स्वतःला विचारले, ‘का हवा?’ हा प्रश्न आपण त्या दोन वर्षांत एकदा तरी विचारला का? विचारला असता तर उत्तर सोपे होते: माजघरासाठी. आणि माजघरासाठी जुना कॅमेरा आणि तीनशे रुपयांचे तिपाईसुद्धा पुरले असते. खांब काही पळून जाणार नव्हता, शटर हवे तेवढे उघडे ठेवता आले असते. पण आम्ही ‘येणार’ म्हणत होतो. त्यामुळे प्रश्न आलाच नाही.

तर्क लढवू नका, असे आम्ही सांगणार नाही. तर्क लढवण्यात मजा आहे, आणि त्या निमित्ताने लोक सेन्सर, शटर, प्रकाश यांबद्दल खूप शिकतात. आम्हीही शिकलो. एवढेच करा. पुढचा कॅमेरा येणार अशी बातमी वाचाल तेव्हा ‘येणार’ खोडून तिथे ‘मला हवा’ लिहा आणि वाक्य पुरे करा: मला हवा, कारण... कारण सापडले तर त्यावर आपण भांडू, आनंदाने भांडू. नाही सापडले, तर घरात जो कॅमेरा आहे तो कपाटातून काढा. बॅटरी चार्ज करायला लावा.

आम्ही इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. पण ‘आर१ मार्क टू’ कधी येणार, हे मात्र आम्हाला विचारू नका.