रगाइबची नमाज आणि शाबानची रात्र : एका धर्मशास्त्रीय वादाची चिकित्सा

इस्लामी धर्मशास्त्रात रात्रीच्या उपासनेचे श्रेष्ठत्व हा वादाचा विषय नाही. रात्री निद्रा सोडून ईश्वरचिंतन करणाऱ्यांची कुराणाने प्रशंसा केली आहे, आणि हदीससंग्रहांत तहज्जुदच्या नमाजेचे माहात्म्य वारंवार आले आहे. वाद उत्पन्न होतो तो निराळ्या ठिकाणी. वर्षातील एखादी विशिष्ट रात्र निवडावी, तिला ठराविक रूपाची नमाज, ठराविक संख्या व ठराविक फळ जोडावे, आणि ती समुदायाने मशिदीत साजरी करावी, यास धर्मात आधार आहे काय, हा तो प्रश्न होय. रजब महिन्यातील पहिल्या शुक्रवारच्या रात्रीची 'सलातुल रगाइब' आणि शाबान महिन्याच्या मध्यावरील रात्र, म्हणजे हिंदुस्थानात शबे बरात या नावाने परिचित असलेली रात्र, ही या वादाची दोन प्रमुख उदाहरणे आहेत.

या वादाचे वर्णन पुष्कळदा 'शास्त्रधर्म विरुद्ध लोकधर्म' असे केले जाते. एका बाजूस ग्रंथनिष्ठ उलेमा आणि दुसऱ्या बाजूस भाबडा जनसमुदाय, अशी ही मांडणी आहे. ती सोयीची असली तरी पुराव्यास टिकत नाही. रगाइबच्या नमाजेचा इतिहास पाहिला असता तिच्या उगमाशी, प्रसाराशी आणि समर्थनाशी विद्वान व कुराणपाठकच निगडित असल्याचे दिसून येते. म्हणूनच वादाचा खरा विषय लोकांची श्रद्धा हा नसून त्या श्रद्धेच्या बाबतीत विद्वानाची जबाबदारी कोणती, हा आहे.

प्रथम या नमाजेचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. 'रगाइब' म्हणजे ज्यांची इच्छा धरावी अशा देणग्या. रजबच्या पहिल्या गुरुवारी रोजा ठेवावा. दिवस मावळून शुक्रवारची रात्र लागली की मगरिब आणि इशा या दोन नमाजांच्या दरम्यान बारा रकाती पढाव्यात. प्रत्येक रकातीत फातिहा एकदा, सूरा कद्र तीनदा आणि सूरा इखलास बारा वेळा म्हणावी. शेवटी दोन स्वतंत्र सिजदे करून त्यांत सत्तर सत्तर वेळा जप करावा, असा तिचा विधी आहे. म्हणजे सूरा कद्र एकंदर ३६ वेळा आणि सूरा इखलास १४४ वेळा म्हटली जाते. असंख्य पापांची क्षमा हे तिचे फळ सांगितले आहे. शिवाय कबरीतील पहिल्या रात्री या नमाजेचे पुण्य सुंदर रूप धारण करून मृताच्या सोबतीस येते, असेही आश्वासन आहे. मृत्यूनंतरच्या एकाकीपणाचे भय कोणास नसते? या नमाजेची लोकप्रियता समजण्यासाठी तिच्या विधीपेक्षा हे आश्वासन अधिक ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु हे आश्वासन ज्या हदीसवर उभे आहे ती हदीसशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. बगदादचे इब्नुल जौझी (मृत्यू इ. स. १२०१) यांनी ती बनावट हदीसांच्या आपल्या संग्रहात घातली आणि इ. स. १०२३-२४ मध्ये मरण पावलेल्या इब्न जहदम या सूफीवर तिच्या रचनेचा संशय व्यक्त केला. पुढे नववी (मृत्यू इ. स. १२७७) आणि इब्न तैमिया (मृत्यू इ. स. १३२८) या परस्परांहून पुष्कळ भिन्न प्रकृतीच्या विद्वानांनीही ही नमाज निराधार ठरविली.

ही नमाज आचारात कशी आली, यासंबंधी तुर्तूशी (मृत्यू इ. स. ११२६) यांनी बिदअतींवरील आपल्या ग्रंथात दिलेली हकीकत फार महत्त्वाची आहे. जेरुसलेममधील एका विद्वानाच्या तोंडून ती त्यांस मिळाली. हिजरी ४४८, म्हणजे इ. स. १०५६ मध्ये, नाबलूसहून इब्न अबिल हमरा नावाचा एक गृहस्थ जेरुसलेमला आला. त्याचे कुराणपठण उत्तम होते. शाबानच्या मध्यरात्रीनिमित्त तो अक्सा मशिदीत नमाजेस उभा राहिला. त्याच्या मागे एक मनुष्य उभा राहिला, नंतर दुसरा, नंतर तिसरा. आणि नमाज संपते वेळी मोठा समुदाय जमला होता. पुढील वर्षी तो पुन्हा आला, आणि ही चाल अन्यत्र पसरली. रजबमधील रगाइबची नमाज तर जेरुसलेममध्ये हिजरी ४८० (इ. स. १०८७-८८) नंतरच सुरू झाली, असे हाच विद्वान सांगतो.

या हकीकतीशेजारी गझाली यांचा उल्लेख ठेवला असता एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी रगाइबच्या नमाजेचा समावेश केला आहे. तिचा आधार तरावीहच्या नमाजेइतका बळकट नाही, हे ते मान्य करतात. परंतु जेरुसलेमचे सर्व लोक ती नेमाने पढतात आणि तिचा त्याग होऊ देत नाहीत, हे आपण पाहिल्यामुळे तिचा निर्देश केला, असे कारण ते देतात. गझाली यांनी बगदाद सोडले ते इ. स. १०९५ मध्ये. म्हणजे जी चाल त्यांस इतकी दृढमूल दिसली ती त्या नगरीत फार तर आठ-दहा वर्षांची होती. रूढीचे वय तिच्या दृढतेवरून ठरविता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. आणि एकदा 'इह्या'सारख्या ग्रंथात स्थान मिळाल्यावर त्या अल्पवयीन चालीस शास्त्राचे वजन प्राप्त झाले. प्रथम लोकांच्या आचारावरून ग्रंथकाराने नोंद केली; नंतर त्या नोंदीवरून लोकांनी आपला आचार सिद्ध मानला.

वादाचा कळस दमास्कस येथे झाला. इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू इ. स. १२६२) हे हिजरी ६३७ (इ. स. १२३९-४०) मध्ये तेथील उमय्यद मशिदीचे खतीब झाले आणि त्यांनी रगाइबची व शाबानच्या मध्याची अशा दोन्ही सामुदायिक नमाजा बंद केल्या. रगाइबच्या समर्थनार्थ पुढे आले ते इब्नुस्सलाह (मृत्यू इ. स. १२४५). हे कोणी सामान्य उपदेशक नव्हेत. दमास्कसच्या अशरफिया हदीस-विद्यालयाचे ते प्रमुख होते, आणि हदीसशास्त्राच्या नियमांवरील त्यांचा ग्रंथ आजही त्या शास्त्राचा पाया समजला जातो. त्यांनी स्वतः पूर्वी दिलेल्या फतव्यांत ही नमाज बिदअत ठरविली होती, याची आठवण प्रतिपक्षाने त्यांस करून दिली. हदीसच्या सत्यासत्यतेचा श्रेष्ठ परीक्षक बनावट हदीसवर आधारलेल्या नमाजेचा वकील व्हावा, ही घटना 'शास्त्र विरुद्ध लोक' या सूत्राने उलगडत नाही.

इब्नुस्सलाह यांचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. हदीस दुर्बळ ठरली म्हणून नमाज अवैध ठरत नाही. रात्रीची ऐच्छिक नमाज ही सर्वसाधारण आज्ञेने प्रशस्तच आहे. एखाद्याने स्वेच्छेने पंधरा रकाती पढल्या आणि त्यांत आपल्या आवडीच्या सूरा म्हटल्या, तर त्यास कोणी अडवीत नाही; मग बारा रकातींनीच काय अपराध केला? लोक ज्या उपासनेस सरावले आहेत तिच्यापासून त्यांस दूर सारणे म्हणजे नमाज पढणाऱ्या सेवकास अडविणाऱ्याचा कुराणाने जो निषेध केला आहे तो ओढवून घेणे होय.

इज्जुद्दीन यांचा पक्ष पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. ते नव्या गोष्टींचे सरसकट शत्रू नव्हते. बिदअतीचे आवश्यक, प्रशस्त, अनुज्ञात, अप्रशस्त व निषिद्ध असे पाच वर्ग त्यांनीच पाडले, आणि मदरशांची स्थापना त्यांनी प्रशस्त वर्गात घातली. तरीही रगाइबच्या बाबतीत ते अढळ राहिले. सूरांची संख्या मोजण्यात मन गुंतून एकाग्रता नष्ट होते; ऐच्छिक नमाज घरी व एकट्याने पढण्याची सुन्नत मोडते; रोजा सोडण्यास विलंब होतो; कारणावाचून केलेल्या स्वतंत्र सिजद्यांना आधार नाही, असे अनेक आक्षेप त्यांनी घेतले. परंतु त्यांचा मुख्य मुद्दा निराळा आहे. विद्वान मनुष्य जेव्हा ही नमाज पढतो तेव्हा सामान्य जन ती पैगंबरांची सुन्नत आहे असे समजतात. म्हणजे तोंडाने एक शब्दही न उच्चारता तो विद्वान आपल्या कृतीने पैगंबरांच्या नावावर असत्य लादतो, आणि हदीस रचणाऱ्यांस उत्तेजन देतो.

या दोन्ही पक्षांची बलाबले सारखी नाहीत. इज्जुद्दीन यांचे काही आक्षेप गरजेपेक्षा अधिक सिद्ध करतात. मोजण्याने एकाग्रता भंगते हे मान्य केल्यास सर्वमान्य जपसंख्याही दोषार्ह ठराव्या लागतील. त्यांच्या मुख्य मुद्द्यास मात्र इब्नुस्सलाह यांजपाशी उत्तर नाही. ते ज्या नमाजेचे समर्थन करतात ती एक सर्वसाधारण, ऐच्छिक, कोणत्याही रात्री पढता येईल अशी नमाज आहे. परंतु मशिदीत जमलेल्यांपैकी एकही मनुष्य ती नमाज पढण्यासाठी आलेला नसतो. तो आलेला असतो त्याच रात्रीसाठी, त्याच बारा रकातींसाठी आणि कबरीतील त्या सोबतीसाठी. सामान्य नियमाने विशिष्ट आचाराचे समर्थन करावयाचे तर आचारातील विशिष्टता वगळावी लागते; आणि ती वगळली की लोकांस प्रिय असलेले सर्व काही वगळले जाते. पुढे अंदलुसी विद्वान शातिबी (मृत्यू इ. स. १३८८) यांनी मुळात विहित असलेल्या कर्मास वेळ, संख्या वा रूप यांचे नवे बंधन जोडल्याने होणाऱ्या बिदअतीचा स्वतंत्र वर्ग मानला. दमास्कसच्या वादातील हीच अडचण त्यांनी नेमकी पकडली.

तथापि इब्नुस्सलाह यांच्या भूमिकेमागील चिंता उडवून लावण्यासारखी नाही. जो मनुष्य वर्षातून एखाद-दुसऱ्या रात्रीच मशिदीत येतो त्यास दारातून परत पाठविल्याने तो दररोज रात्री उठू लागेल, असे मानण्यास आधार नाही. ही हानी खरी आहे. दोष आहे तो उपायात. कारण ती टाळण्यासाठी त्या मनुष्यास त्याच्या श्रद्धेच्या उगमासंबंधी अज्ञानात ठेवावे लागते.

शाबानच्या मध्यावरील रात्रीचा विचार करताना पुराव्याचे स्वरूप बदलते, आणि येथे दोन्ही रात्रींस एकाच मापाने मोजणाऱ्या टीकाकारांची चूक होते. कुराणाच्या ४४ व्या सूरेतील 'शुभ रात्र' ही हीच, असे मत इक्रिमा यांच्या नावावर आढळते. परंतु बहुसंख्य भाष्यकारांनी ती रमजानमधील कद्रची रात्र मानली आहे. रात्री नमाज व दिवसा रोजा सांगणारी इब्न माजा यांच्या संग्रहातील हदीस दुर्बळ आहे. परंतु या रात्री ईश्वर बहुदेवपूजक व वैरभाव बाळगणारा यांवाचून सर्वांस क्षमा करतो, या आशयाची हदीस इब्न हिब्बान यांनी स्वीकारली असून विसाव्या शतकातील कठोर परीक्षक अल्बानी यांनीही ती ग्राह्य ठरविली. तीत रकातींची संख्या नाही, जमात नाही, दिवे नाहीत. मनातील वैर टाकण्याची अट मात्र आहे. आणि तिचीच चर्चा वादग्रंथांत सर्वांत कमी आढळते.

शिवाय या रात्रीचा आदर करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. इब्न रजब (मृत्यू इ. स. १३९३) सांगतात की, सीरियातील खालिद बिन मादान, मकहूल इत्यादी दुसऱ्या पिढीतील पुरुष ही रात्र पाळीत, हिजाजच्या अता प्रभृती विद्वानांनी ती नाकारली, आणि सीरियाचे इमाम औझाई यांनी मशिदीत जमणे अप्रशस्त, परंतु एकट्याने नमाज पढणे निर्दोष, असा मधला मार्ग स्वीकारला. कठोर म्हणून प्रसिद्ध असलेले इब्न तैमियादेखील या रात्रीचे श्रेष्ठत्व व एकट्याची उपासना मान्य करतात. त्यांचा विरोध शंभर रकातींत एक हजार वेळा सूरा इखलास म्हणण्याच्या सामुदायिक नमाजेस आहे.

या रात्रीच्या रोषणाईवरील टीकेत एक सवय वारंवार दिसते : दोष परक्यांवर टाकण्याची. सीरियात अबू शामा यांच्या ग्रंथात मशिदीतील अतिरिक्त दिव्यांचा संबंध बरमकी घराण्याशी व अग्निपूजेशी जोडलेला आढळतो. दिल्लीचे शेख अब्दुल हक मुहद्दिस (मृत्यू इ. स. १६४२) हिंदुस्थानातील शबे बरातीच्या दिव्यांचा व दारूकामाचा उगम हिंदूंच्या दिवाळीत असावा असे सुचवितात. जाफर शरीफ यांच्या 'कानूने इस्लाम' या ग्रंथात, ज्याचे हर्क्लॉट्सकृत इंग्रजी भाषांतर इ. स. १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले, दख्खनी मुसलमानांच्या या सणाचे जे वर्णन आहे त्यातही पूर्वजांच्या नावे फातिहा आणि दारूकाम ही दोन्ही आहेत. दिव्यांच्या बाबतीत अशी देवघेव संभवनीय आहे. परंतु ज्या नमाजेवर वाद झाला ती परकीयांकडून आली नव्हती. ती अक्सा मशिदीत, उत्तम पठण करणाऱ्या एका मुसलमानाच्या मागे, एकेक मनुष्य उभा राहून निर्माण झाली.

भारतीय उपखंडात या वादाचे तीनही जुने पक्ष आज विद्यमान आहेत. अहले हदीस पंथ शबे बरातीचे विशेष आचार नाकारतो. देवबंदी विद्वान औझाई यांच्याप्रमाणे एकांतातील उपासना मान्य करून समारंभास विरोध करतात. बरेलवी परंपरा सामुदायिक जागरण व कबरींची भेट प्रशस्त मानते. कोणता पक्ष धर्म्य, याचा निर्णय फतवा देणाऱ्यांचा आहे. संशोधनास एवढेच म्हणता येते की, रगाइबच्या नमाजेस आधार नाही आणि शाबानच्या रात्रीस मर्यादित आधार आहे. औझाई यांचा मार्ग तडजोडीचा दिसत असला तरी तर्कदृष्ट्या तोच सर्वांत सुसंगत आहे. कारण तो उपासकाची रात्र त्याच्यापाशी राहू देतो आणि पैगंबरांनी जे सांगितले नाही ते त्यांच्या नावावर घालीत नाही. मशिदीत एकाच्या मागे दुसरा उभा राहतो तेव्हा त्या दुसऱ्यास, आपण कोणाच्या शब्दावर उभे आहोत, हे विचारण्याचा अधिकार असतो. विद्वानाने त्याचे खरे उत्तर द्यावे, एवढीच इज्जुद्दीन यांची मागणी होती.