संतचरित्राचा साचा आणि वैज्ञानिकांची चरित्रे

वैज्ञानिकांच्या चरित्रांचा आपल्याकडे अलीकडे बराच प्रसार झाला आहे. त्यांतील विज्ञान कितपत बिनचूक असते, ही चर्चा अधूनमधून होते. परंतु ही चरित्रे वाङ्मय म्हणून कोणत्या घडणीची आहेत, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. विशेषतः ज्या व्यक्तीला विज्ञानाच्या दारातच अडविण्यात आले, तिचे चरित्र सांगताना मराठी लेखक जो साचा वापरतो तो मुळीच नवा नाही. तो संतचरित्राचा साचा आहे. त्या साच्यामुळे काय साधते आणि काय हातचे निसटते, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरणासाठी श्रीगोंद्याकडे वळणे सोयीचे होईल. ह्या गावी शेख महंमदांची समाधी आहे. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ सतराव्या शतकातला. योगशास्त्रासारखा विषय मराठी ओवीत मांडणारा हा ग्रंथकार आपल्या अविंधपणाचा उल्लेख स्वतःच करतो, आणि तरीही वारकरी परंपरेने त्याला आपला मानले. ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह आहे, ह्यात शंका नाही. पण तो आपला कसा मानला गेला, हे पाहण्याजोगे आहे. संतांच्या वंशावळीचे जे एक लोकप्रचलित वचन आहे त्यात एकनाथ ज्ञानदेवांचे, तुकाराम नामदेवांचे आणि शेख महंमद कबीराचे अशी वाटणी केलेली आढळते. वास्तविक परंपरेनेच चांद बोधले हे शेख महंमदांचे गुरू आणि तेच जनार्दनस्वामींचेही गुरू सांगितले आहेत. म्हणजे कालगणनेचा वाद बाजूला ठेवला तर एकनाथांचे आणि त्यांचे गुरुकुल एकच ठरते. असे असूनही वंश लावताना श्रीगोंद्याच्या ह्या मराठी ग्रंथकाराला काशीस पाठविण्यात आले! मान दिला, घरातली जागा मात्र दिली नाही. ह्याच गावाचे जुने नाव चांभारगोंदे होते आणि ते गोविंद नावाच्या एका भाविक चर्मकारावरून पडले, असे सांगतात. आज तो गोविंद गावाच्या नावातही उरलेला नाही.

संतचरित्रकार अशा व्यक्तीची कथा कशी रचतो? प्रथम तिच्या जन्माची अडचण सांगितली जाते. मग परीक्षा येते. परीक्षेत चमत्कार घडतो. आणि चमत्कारानंतर विरोधक नमतात. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून देहूच्या कीर्तनमंडपाला लागलेली आग विझविल्याची कथा ह्याच जातीची. चमत्काराचे कार्य येथे उघड आहे. ज्याला नियमाने आत येता येत नाही त्याला तो नियमाच्या वर उचलतो. त्यामुळे नियमाला धक्का लागत नाही. पुढच्याने यावयाचे तर त्यालाही आग विझविता आली पाहिजे.

आता कमला सोहोनी ह्यांचे चरित्र पाहू. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून तो नाकारला. कमलाबाई वडिलांसह बंगळूरला गेल्या आणि त्यांनी जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतील वातावरण त्यांच्या उपस्थितीने बिघडता कामा नये. वर्षानंतर रामन ह्यांचे समाधान झाले. श्रीनिवासय्या ह्यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळी ह्यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखविले आणि १९३९ साली त्यांना तेथील पीएच. डी. मिळाली.

ह्या हकीकतीत परीक्षा आहे, सिद्धी आहे, विरोधकाचे नमणेही आहे. चरित्रकाराला आयता साचा मिळतो आणि बहुधा तो मोह आवरत नाही. मग रामन हे जणू भक्ताची कसोटी पाहणारे दैवत होतात आणि अटींचे ते वर्ष तपश्चर्येचे ठरते. ह्या रसाळपणात एक साधी गोष्ट वाहून जाते. कमलाबाईंचे वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि दोघांचेही शिक्षण ह्याच बंगळूरच्या संस्थेत झाले होते. संस्थेचे अंतरंग जाणणारे घर, विद्यापीठातील पहिला क्रमांक, संचालकासमोर उभे राहून वाद घालण्याचा आत्मविश्वास, इतके सारे पाठीशी असलेल्या मुलीला जेथे वर्षभर उंबऱ्यावर ठेवले गेले, तेथे ह्यांपैकी काहीच नसलेल्या मुलीने अर्ज तरी केला असता काय? तिच्या नकाराची नोंद कोठल्याही दप्तरात सापडावयाची नाही, कारण तिला नकार देण्याची वेळच आली नाही. चरित्र यशस्वी व्यक्तीचे लिहिले जाते, हे खरे. परंतु चांगला चरित्रकार एका प्रवेशाच्या वर्णनातून न झालेल्या प्रवेशांची जाणीव देऊ शकतो. अटींचा तो कागद तपश्चर्येच्या अलंकारांनी सजविला की ही शक्यता संपते. स्वतः कमलाबाईंनी त्या प्रसंगाला तपश्चर्या मानले नाही. त्यातील अपमान उतारवयातही त्यांनी स्पष्ट शब्दांत बोलून दाखविला. चरित्रनायिकेपेक्षा चरित्रकारच अधिक क्षमाशील, असा हा विलक्षण प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल की कमलाबाईंमुळे दार उघडले, हे तरी मान्य करावे. रामन ह्यांना न्याय द्यावयाचा तर हे मान्य केलेच पाहिजे की पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना घेतले. त्यांत ॲना मणी होत्या. हिरे व माणिक ह्यांच्या दीप्तीवर त्यांनी १९४२ ते १९४५ ह्या काळात पाच निबंध एकटीच्या नावाने प्रसिद्ध केले आणि पीएच. डी.साठी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्यांच्यापाशी एम. एस्‌सी. पदवी नाही, ह्या कारणाने विद्यापीठाने तो मान्य केला नाही. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि हवामानमापनाची उपकरणे भारतात तयार करण्याच्या कामाला त्यांनी मोठी चालना दिली. ह्या चरित्रात शेवटचा चमत्कार नाही, आणि म्हणूनच की काय, आपल्याकडे ते त्या मानाने कमी सांगितले जाते. दार उघडले म्हणजे आत वाट असतेच असे नाही.

रोहिणी गोडबोले व रामकृष्ण रामस्वामी ह्यांनी संपादिलेला आणि भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली प्रसिद्ध केलेला 'लीलावतीज डॉटर्स' हा इंग्रजी संग्रह ह्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञ स्त्रियांची हकीकत त्यात एकीशेजारी एक ठेवलेली असल्याने कोणतीही एकटी अपवाद म्हणून उरत नाही. अनेकींच्या अडचणी सारख्या निघाल्या की त्यांना परीक्षा म्हणता येत नाही. तो नियम ठरतो. संग्रहाच्या नावाविषयी मात्र मन साशंक होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात लीलावतीला गणिते घातली जातात. तिचा स्वतःचा शब्द ग्रंथात नाही. ती भास्कराचार्यांची कन्या होती ही कथादेखील फैजीच्या फारसी भाषांतरातून रूढ झाली. आभा सूर ह्यांचा 'डिस्पर्स्ड रेडिअन्स' (२०११) हा ग्रंथ आणखी एक पाऊल पुढे जातो. रामन ह्यांच्या विद्यार्थिनींबरोबरच मेघनाद साहांसारख्या शूद्र मानलेल्या जातीतून आलेल्या शास्त्रज्ञाचा विचार तो करतो, आणि जात व स्त्रीत्व हे दोन प्रश्न एकत्र तपासतो. ह्या तोडीचे विवेचन मराठीत व्हावयास हवे.

हा केवळ वाङ्मयीन काटेकोरपणाचा प्रश्न नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकपदांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला, तेव्हा त्याच्या चौथ्या कलमाने काही संस्था ह्या बंधनातून वगळल्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक. उत्कृष्टता हे त्यामागील कारण. म्हणजे गुणवत्ता आणि प्रवेश ह्यांत विरोध आहे, ही समजूत कायद्याच्या भाषेत उतरली. ती इतकी स्वाभाविक वाटते ह्याचे एक कारण आपण वर्षानुवर्षे वाचीत आलेल्या कथांत आहे : आत येणारा जर चमत्कारानेच येत असेल, तर चमत्कार न करणाऱ्याला बाहेर ठेवण्यात अन्याय कसला? श्रीगोंदे तालुक्यातील मराठी शाळेतून आलेला, घरात पहिलाच पदवीधर होणारा विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दाराशी येतो, तेव्हा त्याच्याकडेही ह्याच नजरेने पाहिले जाते. त्याला कमलाबाईंची गोष्ट प्रेरणा म्हणून सांगतात. त्या गोष्टीतील अटींचा भाग त्याच्या अधिक उपयोगाचा आहे.

विज्ञानसंस्थांची दप्तरे, प्रवेशाचे नियम, शिष्यवृत्त्यांच्या याद्या आणि अमान्य झालेले प्रबंध ही चरित्रलेखनाची साधने म्हणून वाचण्याची सवय आमच्या संशोधक विद्यार्थ्यांनी लावून घ्यावयास हवी. ॲना मणी ह्यांचा तो प्रबंध नष्ट झालेला नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात, पदवी मिळालेल्या इतर प्रबंधांबरोबर, तो बांधून ठेवलेला आहे.