दागिन्याच्या डबीतलं रिव्हॉल्व्हर

जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. .३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूची बॉडी, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत १,२२,३६० रुपये. सोबत मरून रंगाची डबी, सराफाकडे हार ठेवून देतात तशी. भारतातलं खास बायकांसाठीचं पहिलं रिव्हॉल्व्हर, अशी त्याची ओळख करून दिली गेली. पर्समध्ये सहज मावेल, हेही आवर्जून सांगितलं गेलं.

एरवी मी पुस्तकांवर लिहिते. पुस्तक वाचताना एक सवय लागते: हे कुणाला उद्देशून लिहिलंय, लेखकाच्या डोळ्यासमोर कोण बसलंय, याचा अंदाज घेत राहायचं. हाच प्रश्न ‘निर्भीक’ला विचारावासा वाटतो. कारण रात्री साडेअकराच्या लोकलमध्ये रिकामा होत जाणारा डबा बघणाऱ्या मुलीला ‘आपल्याकडे काहीतरी असायला हवं’ असं वाटतं, ते खोटं नसतं. त्या वाटण्याला उत्तर म्हणून ही वस्तू विकली गेली. तर ती वस्तू तिच्याशी बोलते का?

आधी, अंगावर लपवून बाळगायचं रिव्हॉल्व्हर निवडतात कसं ते बघू. हे शास्त्र अमेरिकेत शंभर वर्षं घासूनपुसून तयार झालंय आणि त्यात सौंदर्याला फारशी जागा नाही. नळी आखूड हवी, साधारण दोन इंच, म्हणजे कपड्यांतून पटकन निघते. स्मिथ अँड वेसनने १९५०मध्ये आणलेलं ‘चीफ्स स्पेशल’ याच मापाचं, पाच गोळ्यांचं. दोनच वर्षांनी त्यांनी ‘सेंटेनियल’ आणलं. त्यात मागचा घोडा बॉडीच्या आत झाकलेला. कारण साधं आहे: बाहेर आलेला घोडा खिशाच्या अस्तरात, पदरात, ओढणीत अडकतो आणि अडकतो तो नेमका नको त्या क्षणी.

मग चाप. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण पाच किलोंचा जोर लागू शकतो. अर्ध्या किलोची वस्तू हातात धरून तिच्यावर दहापट जोर लावायचा आणि तरीही नळी हलू द्यायची नाही! हे एका बोटाचं काम नाही, महिनोन्‌महिन्यांच्या सरावाचं आहे. शिवाय वजन कमी केलं की धक्का वाढतो. खिशाला हलकी बंदूक हाताला जड जाते. म्हणून तिथले जुनेजाणते मुठीपासून सुरुवात करतात: बोटं पुरतात का, चापापर्यंत पहिलं पेर नीट पोचतं का, पन्नास गोळ्या झाडल्यावर हात दुखतो का. सगळे प्रश्न हाताचे आहेत. डबीचा एकही नाही.

या कसोटीवर ‘निर्भीक’ अगदीच टाकाऊ ठरत नाही, हेही सांगायला हवं. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६चं काडतूस मवाळ आहे, धक्का कमी देतं आणि इतकं नेमकं आहे की नेमबाजीच्या सेंटर फायर स्पर्धांमध्ये आजही वापरलं जातं. आपल्याकडे ते आलं मात्र वेगळ्याच कारणाने. .३८ आणि ९ मिमी हे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून .३२. हे काडतूस आपल्या पुण्यात, खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत बनतं. बाकी नळी तीन इंची, घोडा बाहेर, आणि ढाचा मधून मोडून उघडायच्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचा. म्हणजे कारखान्यात आधीपासून होतं तेच, हलक्या धातूत. बाईच्या हाताचा नव्याने विचार झाल्याची खूण मला तरी यात दिसत नाही. नवीन काय? धातू, नाव आणि डबी.

डबी कुणाशी बोलते? आपल्याकडे दागिन्याची डबी बाई स्वतःसाठी क्वचितच आणते. ती तिला दिली जाते. वडील देतात, नवरा देतो, सासरचे देतात. मरून डबीतल्या रिव्हॉल्व्हरचा मनातला वाचक मला तिथे सापडतो. तो काळजीत असलेला, पैसे असलेला पुरुष आहे. लेकीच्या रात्रीच्या प्रवासाची धास्ती त्याला सव्वा लाखात मिटवायची आहे. लेक या संभाषणात आहे, पण बोलण्याचा विषय म्हणून. म्हणूनच चाप किती जड आहे हे कुणी सांगत नाही, पर्समध्ये मावतं हे सांगतात.

आता पर्सचंच घ्या. रुमाल, चार्जर, किल्ल्या, डबा, सॅनिटायझर यांच्या गर्दीत तीन सेकंदांत रिव्हॉल्व्हर शोधायचं? आपल्याला वाजणारा फोन सापडत नाही. आणि हल्लेखोर आधी हिसकावतो ती पर्सच. पुढे २०१६चे शस्त्र नियम आले, त्यात तर सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तिच्यासाठीच बनवलेल्या तशा आवरणात ठेवूनच बाळगता येते, असं स्पष्ट लिहिलंय.

अमेरिकेतही हा खेळ जुनाच आहे. १९०४च्या सुमाराची आयव्हर जॉन्सन कंपनीची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. रात्रीच्या झग्यातली लहान मुलगी, पलंगावर बाहुली आणि हातात रिव्हॉल्व्हर. मुद्दा असा की आमचं रिव्हॉल्व्हर इतकं सुरक्षित की चुकून उडणारच नाही. आज बघताना पोटात गोळा येतो, पण युक्ती ओळखीची आहे: धोक्याची वस्तू घरगुती करून दाखवा. स्मिथ अँड वेसनने १९०२मध्ये ‘लेडीस्मिथ’ नावाचं चिमुकलं .२२ रिव्हॉल्व्हर काढलं होतं. वेश्या ते वापरतात हे कळल्यावर मालकाने ते बंद केलं, अशी दंतकथा सांगतात. खरी असो-नसो, तिच्यातला उपरोध सुटत नाही: ज्या बायकांना रोज रात्री खरा धोका होता, त्या गिऱ्हाईक म्हणून शोभेनात. १९८९मध्ये कंपनीने तेच नाव पुन्हा काढलं, या वेळी रोझवूडच्या मुठीसह. तरी त्या मुठी लहान हाताच्या मापाने केल्या होत्या, एवढं श्रेय द्यायला हवं.

बाईने शस्त्र बाळगूच नये, असं मला म्हणायचं नाही. परवाना मिळवून, शिकून, सराव करून कुणी बाळगत असेल तर तो तिचा हक्क आहे. कायदाही तिच्या बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८नुसार बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या प्रसंगी स्वसंरक्षणाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल काढून बघा. बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. रिव्हॉल्व्हरची जाहिरात मात्र कायम अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची असते. आणि ते घरी कपाटात राहतं तेव्हा कपाटाची किल्ली कुणाकडे, हेही कुणी विचारत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते नाव. १६ डिसेंबर २०१२च्या त्या मुलीला ‘निर्भया’ हे नाव मिळालं, कारण तिचं खरं नाव छापायला कायद्याने मनाई होती. ते एक आवरण होतं, तिच्यासाठी पांघरलेलं. सुमारे वर्षभराने सरकारच्याच कारखान्याने त्याचा समानार्थी शब्द काढून मालावर छापला. मणिपूरमध्ये बंदुकीने विधवा झालेल्या बायकांसोबत काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेपराम यांनी तेव्हाच याला विरोध केला होता. त्याआधी २०१३च्या अर्थसंकल्पात सरकारने हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर केला होता. सुरुवातीची काही वर्षं तो बराचसा पडून राहिला. रस्त्यावरचे दिवे, बस, पोलीस ठाण्यात तक्रार घेणारी बाई या गोष्टी त्या पैशातून यायच्या होत्या. त्या सगळ्या मुलींसाठी होत्या. ‘निर्भीक’ एकीसाठी, तेही सव्वा लाख असणाऱ्या एकीसाठी.

ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आलं. आता सिलिंडर बाजूला उघडतं, चाप हलका केल्याचं सांगतात, म्हणजे यंत्राकडे तरी कुणीतरी बघितलं. पण जाहिरात कसली? पन्नास मीटरच्या पल्ल्याची. पन्नास मीटर म्हणजे दोन विजेच्या खांबांमधलं अंतर. तेवढ्या लांबून कुणी हात धरत नाही, तोंड दाबत नाही. तिथून पळता येतं. तिथल्या माणसावर गोळी झाडली तर कोर्टात स्वसंरक्षण सिद्ध करताना वकिलाला घाम फुटेल. आणि बातम्यांमध्ये पुन्हा तेच वाक्य होतं: महिलांना पर्समध्ये सहज ठेवता येईल.