‘डोक्याला ताप नको’ : वाचनालयातली तोंडी समीक्षा

मराठी समीक्षेचा इतिहास लिहिताना आपण १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’पासून आजच्या नियतकालिकांपर्यंत छापील पाने चाळतो. पण कोणते पुस्तक कोणी वाचावे आणि का वाचावे, याविषयीचे मत सर्वाधिक वेळा व्यक्त होते ते वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी. पेणचे महात्मा गांधी वाचनालय, रोह्याचे भाटे सार्वजनिक वाचनालय आणि या दोन तालुक्यांतील काही लहान ग्रंथालये यांत माझे अनेक वर्षे जाणे-येणे आहे. तिथे ऐकलेल्या आणि पुस्तकांच्या पानांवर सापडलेल्या मतांना समीक्षा म्हणता येईल का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. (कोणते मत कोणत्या वाचनालयातले, हे मुद्दाम सांगत नाही.)

फावल्या वेळातले वाचन मराठीत एकेकाळी प्रतिष्ठित होते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले, त्याचे नावच ‘करमणूक’. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे मासिक होते ‘मनोरंजन’, आणि दिवाळी अंकाची परंपरा सुरू झाली ती त्याच मासिकाच्या १९०९ च्या अंकापासून. म्हणजे वाचकहो, तुमच्या हातातला हा अंकसुद्धा मनोरंजनाच्याच कुळातला! पुढे मात्र ‘रंजनप्रधान’ हे विशेषण न राहता निकाल झाला.

हा निकाल कोण देणार, याची ओढाताण साठच्या दशकात स्पष्ट दिसते. ‘स्वामी’ १९६२ ची, ‘कोसला’ १९६३ ची, ‘मृत्युंजय’ १९६७ ची. याच काळात ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू झाले. त्यातल्या ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या सदराने पुस्तक सुचवण्याच्या कामाला प्रतिष्ठा दिली. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला आणि ग्रंथालयांच्या मान्यतेला व अनुदानाला कायद्याचा आधार मिळाला.

या तिघांचे प्रश्न शेजारी ठेवून पाहावेत. न्यायालय विचारते, हे लेखन ज्यांच्या हाती पडेल त्या वर्गाची नीती बिघडेल का? एखाददुसरा वाचक त्याच्या हिशेबात नसतो. नियतकालिक विचारते, चोखंदळांना काय आवडले? या शब्दातच बाकीचे चोखंदळ नाहीत हे गृहीत आहे. अनुदानाची व्यवस्था विचारते, ग्रंथ किती, वर्गणीदार किती? देवघेवीच्या टेबलाशी बसलेला माणूस मात्र चौथाच प्रश्न विचारतो : “याआधी काय नेलं होतंत?”

हा प्रश्न मला समीक्षेचा वाटतो. कारण पुस्तकाची किंमत सर्वांसाठी एकच नसते, हे त्यात धरलेले आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला मध्येच मिटवता येईल असे पुस्तक हवे असते, त्याला कथासंग्रह द्यावा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्याला आषाढ-श्रावणात मान वर करायला फुरसत नसते, त्याला जाडजूड ऐतिहासिक कादंबरी द्यायची ती विसर्जनानंतर. हे ज्याला कळते तो रंगनाथन न वाचताही त्यांचा नियम पाळत असतो.

या समीक्षेची परिभाषा लहान, पण नेमकी आहे. ‘खाली ठेववत नाही’ हा कथानकाच्या बांधणीवरचा अभिप्राय. ‘सुरुवातीची पन्नास पानं सोसा’ यात वाचकाकडून किती गुंतवणूक मागितली जाईल, याचा अंदाज आहे. ‘जड आहे’ म्हणजे वाईट नव्हे. ते वाचकाच्या सध्याच्या अवस्थेविषयीचे विधान आहे. आणि ‘डोक्याला ताप नको’ ही मागणी तर मी कधीच तुच्छ मानली नाही. ती करणारी बाई घरात आजारी माणसाचे करून आलेली असते. तिला योगिनी जोगळेकर किंवा शैलजा राजे हातात देणारा तिची अभिरुची बिघडवत नाही. तिचा दिवस त्याने ओळखलेला असतो.

लेखी पुरावाही आहे. जुन्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरे लिहिलेले असतात, आणि ‘पुस्तकावर काहीही लिहू नये’ ही सूचना बहुधा त्याच पुस्तकात चिकटवलेली असते. एकजण लिहितो, ‘छान, जरूर वाचा’. खाली दुसऱ्या अक्षरात, ‘फालतू, वेळ फुकट’. तिसरा दोघांनाही सुनावतो, ‘शेवट पुन्हा वाचा, मग बोला’. हे तिघे एकमेकांना कधी भेटलेले नसतात. मतभेद, प्रतिवाद, संहितेकडे परत जाण्याचा आग्रह, वादविवादाची सगळी अंगे त्या अर्ध्या पानात आहेत. पुस्तकांचा नाश म्हणून याकडे पाहणाऱ्या ग्रंथपालाचा राग मला समजतो. तरी हा मराठी वाचकाच्या स्वतःच्या हातचा दस्तऐवज आहे, हे विसरता येत नाही.

या तोंडी परंपरेने केलेले मोठे काम म्हणजे लेखक जिवंत ठेवणे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, नारायण धारपांच्या भयकथा, बाबा कदम, सुहास शिरवळकर यांची गंभीर समीक्षेने फारशी दखल घेतली नाही. १९८२ च्या ‘दुनियादारी’वर २०१३ मध्ये चित्रपट आला, २०१८ च्या ‘तुंबाड’मुळे धारपांचे नाव नव्या पिढीच्या कानी गेले. मधल्या काळात ही नावे टिकली, ती ‘हे वाचलंयस का?’ या एका प्रश्नावर.

मात्र या परंपरेचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणा होईल. ‘याआधी काय नेलं होतंत?’ हा प्रश्न जितका मायेचा, तितकाच बांधून ठेवणारा. आधी जे नेले त्याच्यासारखेच पुढचे मिळत जाते. बाईंना ‘घरगुती’, तरुणांना ‘रहस्य’, निवृत्तांना ‘ऐतिहासिक’, असे कप्पे पडतात. १९७८ चे दया पवारांचे ‘बलुतं’ किंवा १९८० चे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ फुरसतीत वाचायला म्हणून कोणी सुचवल्याचे मी फार क्वचित ऐकले. ही पुस्तके ‘अभ्यासाची’ ठरतात. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ कोकणातलेच, घरातल्या बायकांच्या बोलण्याने भरलेले. पण ‘घरगुती’च्या कप्प्यात ते ठेवावे असे कोणाला सुचत नाही. कोणाचे घर म्हणजे घर, हे त्या एका शब्दाने आधीच ठरवलेले असते. ज्या जिल्ह्यात १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, तिथल्या वाचकापासून ही पुस्तके मायेपोटी दूर राहावीत, हे मला बोचते.

म्हणून चांगली शिफारस म्हणजे वाचकाला पूर्ण ओळखून एक पाऊल पलीकडे नेणारी शिफारस, अशी माझी व्याख्या आहे. ‘तुम्हाला योगिनीबाई आवडतात ना? मग आता हे न्या, नाही आवडलं तर उद्या बदलून देतो.’ या वाक्यात ओळख आहे, धाडस आहे आणि चूक झाली तर भरपाईही आहे. छापील परीक्षणाला यातले शेवटचे कधीच देता येत नाही.

ग्रंथ, वर्गणीदार, नियतकालिके मोजता येतात. योग्य माणसाला योग्य वेळी योग्य पुस्तक दिले, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. जीर्ण पुस्तके निर्लेखित होतात तेव्हा त्यांच्यावरचे शेरेही रद्दीत जातात, आणि टेबलाशी बसणारा माणूस निवृत्त झाला की गावाची वाचनस्मृती त्याच्याबरोबर जाते. निर्लेखनाआधी त्या शेवटच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवणे आणि जुन्या ग्रंथपालांना ‘कोणाला काय दिलंत, का दिलंत?’ हे विचारून लिहून घेणे, या दोन्ही गोष्टींना खर्च नाही. पेण-रोह्यापुरते हे काम मी हाती घेतले आहे. इतर तालुक्यांत कोणी घेतले, तर मराठी वाचकाचा इतिहास त्याच्याच अक्षरात लिहिता येईल.